प्रतिसाद: चर्चच्या शाळा आणि संगीत

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नुसत्या प्रार्थना पाठ करून घेत, असं एक मत मांडलं जातं; ते अपुरं आहे. धर्मशिक्षण हा पाया होताच. पण त्याबरोबर अक्षरओळख आणि मुख्य म्हणजे संगीत! मुलं स्वरलिपी (नोटेशन) वाचायला शिकत, व्हायोलिन हाती घेत. शिकवणारा मेस्त, म्हणजे मास्तरच, चर्चमधल्या गायकवृंदाचा प्रमुख असे. त्याच्या पगाराचा भार बऱ्याच ठिकाणी गावकरी संस्था, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्था उचलत; म्हणजे पैसा गावच्या शेतजमिनीतून येई. हे फार कमी सांगितलं जातं.

मुंबईच्या हिंदी चित्रपटांतले कितीतरी गोवेकर वादक याच परंपरेतले. 1927 साली जन्मलेले गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, म्हणजे संगीतकार प्यारेलालांचे (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) व्हायोलिनगुरू, हे चर्चच्या गायनमास्तराचेच चिरंजीव. नोटेशन वाचणारे असे वादक नसते, तर त्या काळचे मोठे वाद्यवृंद उभे राहणं अवघडच होतं.