थेम्सवर बोट चालते, मग आपल्या गंगेवर (गोदावरीवर) का नाही?

रविवार कारंजा: थेम्स ३४६ किमी, गोदावरी १,४६५. तरी थेम्सवर इंजिनाच्या बोटी वरच्या अंगाच्या लेचलेड गावापर्यंत चढतात आणि आपल्या गंगेवर नाशकात तशी ये-जा नाही. पात्र खोल म्हणून का? आणि बोट चढ चढते कशी?

पंचवटीकर: खोली मूळची नाही, केलेली आहे. लेचलेड ते लंडनजवळचं टेडिंग्टन या सुमारे २०० किमीत नदी साधारण ७० मीटर उतरते, म्हणजे किमीला जेमतेम ३५ सेंमी. त्यात ४४ लॉक (दोन दारांमधली पाण्याची कोठी, जिच्यात पाणी भरून बोट वर चढते आणि सोडून खाली उतरते) आणि शेजारी बंधारे घालून तिच्या पायऱ्या केल्यात. टेडिंग्टनच्या खाली भरती-ओहोटी.

बोट उतरताना: वरच्या दारातून आत, दार बंद, मग खालच्या दाराच्या झडपा हळूहळू उघडायच्या. पाणी खालच्या पातळीला आलं की दार उघडतं, त्याआधी कितीही ढकला, हलत नाही. दोर खुंट्याला नुसता वेढा देऊन हातात धरायचा. गाठ मारली तर पाणी खाली जातं आणि बोट लटकते. दुसरा धोका वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्याचा. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर पुढचं टोक पाण्यात जातं. म्हणून भिंतीवरच्या खुणेच्या पुढेच थांबायचं.

जुना गंगाघाट: लॉकच्या आधी थेम्सवर प्रकार वेगळाच होता. पाणचक्क्यांच्या बंधाऱ्यात उभे दांडे आणि फळ्या लावून फट बुजवलेली असे. त्या काढल्या की पाण्याचा लोंढा सुटे आणि बोट त्यावर स्वार होऊन खाली. वर जाणारी मात्र काठावरच्या दोर गुंडाळायच्या चरख्यानं ओढावी लागे. चक्कीवाला पाणी सोडायला नाखूश, कारण त्याची चक्की थांबणार. नावाडी वाट बघत बसलेले. भांडणं शतकानुशतकं चालली. दोन दारांचे लॉक १६३० च्या दशकात ऑक्सफर्डजवळ इफ्ली, सँडफर्डला आले; बाकीचे बरेचसे १७७१ नंतर. पुढे रेल्वेनं माल पळवला, आता मौजेच्या बोटी.

पंचवटीकर: आणि गोदावरीचं: थेम्सकडे पाऊस बारमाही, शिवाय खडू-चुनखडीचे डोंगर पाणी मुरवून सावकाश सोडतात. आपला काळा पाषाण फारसं धरत नाही. पावसाळ्यात नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडते, तर उन्हाळ्यात पाणी गंगापूर धरणातून सोडाल तेवढंच. थेम्सलाही हिवाळ्यात पूर येतो. तेव्हा लॉकवर लाल पाट्या लागतात आणि बोटी बांधूनच ठेवतात.