पॅरिस एकदा बघून झालंय, मग परत कशाला? माझं मत: परत जाच

नदीकाठ:
घरी, ऑफिसात, सोसायटीत एकच प्रश्न ऐकून कान किटलेत म्हणून इथे लिहितेय. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं परत पॅरिसला गेलो, फक्त पॅरिस, बाकी कुठेच नाही. त्यावर सगळ्यांचं एकच, अगं बघून झालंय ना ते, एवढे पैसे घालून तेच ते परत कशाला, तेवढ्यात प्राग व्हिएन्ना बुडापेस्ट तिन्ही झालं असतं. माझं मत ठाम आहे की एखादं मोठं शहर मनापासून आवडलं असेल तर नवीन देशाच्या आधी तिथे परत जावं. का ते सांगते, नाही पटलं तर खुशाल भांडा.

पहिल्यांदा आम्ही टूरबरोबर गेलो होतो, नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागायच्या बऱ्याच आधी. आयफेलचा दुसरा मजला, सेन नदीतली बोट, लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसमोर ग्रुप फोटो, रात्री इंडियन हॉटेलात जेवण, झालं पॅरिस. या वेळी बाराव्या आराँदिसमाँत, म्हणजे वॉर्डात राहिलो, गार द लियाँ स्टेशनच्या जवळ. (असे वीस वॉर्ड आहेत, एक नंबर मधोमध नदीपाशी आणि मग गोगलगायीच्या शंखासारखे नंबर गोल गोल बाहेर जातात, हे एकदा डोक्यात बसलं की नुसता पत्ता वाचून जागेचा अंदाज येतो.) सकाळी अलीग्रच्या बाजारात फळं घ्यायची आणि तिथून चालत कुले व्हेर्तवर जायचं. ही जुनी रेल्वेलाइन, १९६९ ला गाड्या बंद झाल्या आणि १९९३ पासून वर बाग आहे, न्यूयॉर्कच्या अशाच हाय लाइन बागेच्या कितीतरी आधीची. बास्तीयच्या ऑपेरामागून जिना चढायचा आणि झाडांमधून सरळ पूर्वेकडे चालत सुटायचं, खाली जुन्या पुलाच्या विटांच्या कमानींमध्ये कारागिरांची दुकानं, कुणी वाद्यं दुरुस्त करतंय, कुणी जुनं फर्निचर. पहिल्या वेळी आमची बस याच भागातून गेली असणार, पण तेव्हा नजर पुढच्या "स्पॉट"वर होती.

आणि नदी. तेव्हा बोटीतून बघताना उजव्या काठावर पाण्याला लागून गाड्या भरधाव जायच्या, तो अख्खा एक्सप्रेसवे होता. २०१६ ला शहराने तो गाड्यांना बंद केला. आता तिथे पोरं सायकली शिकतात, म्हातारे लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात. जुलै २०२५ पासून तर तीन ठिकाणी लोक सेनमध्ये पोहतात, १९२३ पासून बंदी होती तिथे! इल सँ लुई बेटासमोरच्या जागेवर मी रोज जाऊन उभी राहायचे. कमरेला हवेचा फुगा बांधल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत, काठावर जीवरक्षक, आणि साठीच्या बायका शांतपणे शिडी उतरून पाण्यात जातात, मागून टुरिस्ट बोटींच्या लाटा येतायत तरी काही वाटत नाही त्यांना. मला हे बघून फार भरून आलं. शंभर वर्षं घाण असलेली नदी एक शहर ठरवून साफ करतं, ते होताना बघायला मिळणं याची किंमत माझ्यालेखी तीन नवीन राजधान्यांपेक्षा जास्त आहे.

सह्यकडा:
छान लिहिलंय पण साफ असहमत. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर ती अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, आयटीआर, बॉसकडून एनओसी, आणि इतकं करून वर्षातून एकदा सलग सुट्टी मिळाली तर मिळाली. तोच व्हिसा २९ देशांत चालतो. माझ्यासारख्याच्या आयुष्यात युरोप मोजून दोन तीन वेळा होणार, त्यातली एक वेळ बघितलेल्या शहराला देणं हे मला परवडत नाही, आणि परवडलं तरी मी करणार नाही, कारण जग मोठं आहे आणि गुडघे आत्ताच चालतायत.

दुसरं म्हणजे तुमच्या लिहिण्यात एक घोळ आहे. बाजार, जुन्या रेल्वेवरची बाग, नदीकाठ, हे सगळं पहिल्याच वेळी स्वतःचं स्वतः गेला असतात तरी दिसलं असतं. फरक दुसऱ्या वेळेचा नाहीये, टूर आणि विना टूर असा आहे. मी रोमला पहिल्याच खेपेत त्रास्तेव्हेरेमध्ये राहिलो आणि गल्ल्या पाठ केल्या, त्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागलं नाही.

केशरआंबा:
टूरला नावं ठेवू नका बरं का दोघंही. माझे सासू सासरे टूरमुळे युरोप बघू शकले. इंग्रजीची भीती, शाकाहारी जेवण, कुठे चुकलो तर काय, या सगळ्याची काळजी दुसऱ्या कुणीतरी घेतली म्हणून त्यांची हिंमत झाली. सासूबाई अजून आयफेल टॉवरचं रात्रीचं लुकलुकणं सांगतात आलेल्या गेलेल्याला. त्यांना परत जायचंय, पण टूरने नको म्हणतात, एका जागी बसून बघायचंय म्हणतात. म्हणजे नदीकाठ यांचा मुद्दा मला पटतो, पण पहिली पायरी टूरनेच बांधली.

नदीकाठ:
@सह्यकडा, घोळ नाहीये. पहिल्या खेपेला स्वतःचं स्वतः गेलं तरी आयफेल, लूव्र, व्हर्साय सोडायची कुणाची छाती होत नाही, आणि सोडूही नये. ती यादी एकदा संपल्यावरच माणूस मोकळा होतो. या वेळी आम्ही लूव्रमध्ये गेलोच नाही, मारे या जुन्या भागातल्या कार्नाव्हालेमध्ये अर्धा दिवस घालवला. पॅरिस शहराच्या इतिहासाचं म्युझियम, कायमचा संग्रह फुकट बघता येतो. तिथे एका दालनात जुन्या दुकानांच्या पाट्या टांगल्यात, लोकांना वाचता यायचं नाही तेव्हा दुकान चित्रावरून आणि आकारावरून ओळखायचे ना, त्या. पहिल्या ट्रिपला कुणी मला लूव्र सोडून इथे चल म्हणालं असतं तर मी गेले असते का? नाही.

आणि मुख्य गोष्ट, बदल दिसायला आधीचं माहीत असावं लागतं. र्‍यू द रिव्होली मी गाड्यांनी तुंबलेली बघितली होती, आता तिथे मुख्य रस्ता सायकलींचा आहे आणि सकाळी ऑफिसच्या वेळेला अक्षरशः सायकलींचा लोंढा जातो, सुटातले लोक, मागच्या सीटवर पोरं. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटेल युरोपात असंच असतं. मला माहितीये की असं नव्हतं, कुणीतरी शिव्या खाऊन केलंय. मुंबईत आपण त्याच सुमाराला समुद्राच्या कडेने गाड्यांसाठी कोस्टल रोड बांधला, त्यांनी पाण्याकडेचा होता तो गाड्यांना बंद केला. हे आपल्या लोकांनी जाऊन बघायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

पूर्वरंग:
मी बरीच वर्षं पॅरिसच्या बाहेरच्या उपनगरात राहते म्हणून लिहितेय, रागावू नका. तुम्ही जे बघितलंत ते खरं आहे, पण ते पेरिफेरिकच्या आतलं आहे. पेरिफेरिक म्हणजे शहराभोवतीचा ३५ किलोमीटरचा रिंगरोड. त्याच्या आत साधारण २१ लाख लोक राहतात, सगळ्या प्रदेशात मिळून सव्वा कोटीच्या आसपास. आतल्या माणसाला दर पाच मिनिटांवर मेट्रोचं स्टेशन आहे, त्याला गाडी सोडणं सोपं. माझ्या शेजारी एक नर्सबाई आहेत, पहाटेची शिफ्ट, आरईआर बी ही उपनगरी ट्रेनची लाइन बंद असली की त्यांच्याकडे गाडीशिवाय काही नाही, त्यांना नदीकाठचा रस्ता बंद झाल्याचं कौतुक कसं वाटेल? सुट्टीवर परत आलं की शहर नव्याने दिसतं म्हणता, पण दोन्ही वेळा तुम्ही त्याच वर्तुळात होतात.

खरा बदल बघायचा तर ग्रँड पॅरिस एक्स्प्रेस बघा, २०० किलोमीटर नवीन मेट्रो, ६८ स्टेशनं, उपनगराला उपनगर जोडणारी, म्हणजे आता मधे शहरात शिरून परत बाहेर यायला नको. १४ नंबर लाइन २०२४ च्या जूनमध्ये एका टोकाला ओर्ली विमानतळापर्यंत आणि दुसऱ्या टोकाला सँ दनी या उपनगरापर्यंत गेली. सँ दनीला टुरिस्ट जात नाहीत, पेपरात वाईट साईट वाचलेलं असतं. पण फ्रान्सचे जवळजवळ सगळे राजे तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये पुरलेत, गॉथिक बांधणी खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली, नोत्र दामच्याही आधी. १८४० च्या दशकात उतरवलेला तिचा उत्तरेकडचा मनोरा आता परत बांधतायत. परत याच तर तिकडे या.

तिन्हीसांज:
माझा विरोध वेगळ्याच कारणाने. मी नोत्र दाम आगीच्या आधी बघितलं होतं आणि उघडल्यावर परत गेले, आणि मला वाईट वाटलं. आधी आत गेलं की अंधार, मेणबत्त्या, धुराने काळपटलेले दगड, आवाज आपोआप खाली यायचा. आता सगळं दुधासारखं पांढरं, लख्ख, आणि लोक फोन वर करून पुढे सरकतायत. माझं मनातलं नोत्र दाम परत जाऊन पुसलं गेलं. म्हणून मी म्हणते, जी जागा आतपर्यंत पोचली तिथे परत जाऊ नये. आठवणीलाही जपावं लागतं.

नदीकाठ:
@तिन्हीसांज, तुमचं दुःख कळतं, पण मी उलट बाजूने बघते. तो काळा रंग बांधणाऱ्यांनी दिला नव्हता, ती शेकडो वर्षांची काजळी होती, त्यात आगीनंतर शिशाची धूळ बसली. भिंतींवर लॅटेक्सचा लेप मारून तो साल काढल्यासारखा ओढून काढला, त्याबरोबर मळ निघाला आणि खाली मूळ चुनखडी निघाली. बाराव्या तेराव्या शतकातल्या माणसाने जे बघितलं ते तुम्ही आत्ता बघितलंत. आणि तो जळून पडलेला मनोरा तरी कुठे मध्ययुगातला होता, तो १८५९ चा. छपरासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून साधारण दोन हजार ओक तोडले आणि छपराच्या तुळया हाताने कुऱ्हाडीने तासल्या, जुन्या पद्धतीने, कारण ती कला येणारे सुतार अजून तिथे आहेत. १५ एप्रिल २०१९ ला टीव्हीवर ते जळताना मी रडले होते. २०२५ ला आत उभी राहिले. हे दोन्ही माझ्या वाट्याला आलं, ते न जाता कसं आलं असतं?

@पूर्वरंग, हा मुद्दा मानते. पण नदीकाठ बंद झाला म्हणून नर्सबाईंची ट्रेन बिघडत नाही. दोन्ही कामं व्हायला हवीत, आणि मला वाटतं मेट्रोचं काम त्यांनी आणखी वीस वर्षं आधी काढायला हवं होतं. सँ दनीला पुढच्या वेळी नक्की.

सह्यकडा:
"पुढच्या वेळी"! म्हणजे अजून एकदा पॅरिस. :)

असो. बदल बघायला आधीचं माहीत हवं हे ठीक, पण तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे मी नाही घालणार, बदल घरबसल्या वाचताही येतो. आणि नदी साफ झाली म्हणता तर हेही सांगा की ५ जुलैला पोहायला सुरुवात झाली आणि दुसऱ्याच दिवशी पावसामुळे बंद ठेवावं लागलं. जोराचा पाऊस झाला की गटाराचं पाणी अजूनही नदीत येतं. शिवाय आपल्यासारख्यांसाठी महाग होत चाललंय, जानेवारी २०२६ पासून लूव्रला युरोपबाहेरच्यांना ३२ युरो, युरोपवाल्यांना २२. जिथे दारातच आपल्याला वेगळा दर लावतात तिथे परत परत जायची मला तरी इच्छा होत नाही. मी यंदा लिस्बन आणि पोर्तोला चाललोय.

नदीकाठ:
वेगळ्या दराचा मलाही राग आहे, तो मी लपवत नाही. आपल्याकडे ताजमहालला परदेशी माणसाकडून जास्त घेतात तेही मला पटत नाही. पण पाऊस झाला की लाल झेंडा लावून नदी बंद करतात हीच तर विश्वासाची गोष्ट आहे, रोज पाणी तपासतात म्हणून बंद होते. ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ ५०,००० घनमीटरची टाकी जमिनीखाली बांधलीये, पावसाचं जास्तीचं पाणी धरून ठेवायला. एवढ्यानेही कधीकधी पुरत नाही, तर बंद ठेवतात आणि तसं सांगतात. आणि घरबसल्या वाचायचं म्हटलं तर लिस्बनसुद्धा वाचता येतं की.

गणेशवेल:
मधे घुसतो. शहर तेच, महिना वेगळा, असं करून बघा. मी ऑगस्टच्या शेवटी होतो तेव्हा गार द्यू नॉरच्या मागे ला शापेल भागात तमिळ लोकांची गणपतीची रथयात्रा बघितली. मुख्यतः श्रीलंकेतून आलेले तमिळ, १९८५ पासूनचं देऊळ आहे त्यांचं. रस्त्यावर नारळांच्या राशी रचलेल्या, रथ आला की एकेक नारळ डांबरावर फुटतोय, पाणी गटारीपर्यंत वाहतंय, कडेला फ्रेंच पोलीस उभे आणि आजूबाजूचे लोक प्रसाद घेतायत. पुण्याचा माणूस मी, हात आपोआप जोडले गेले. पहिल्या खेपेला एप्रिलमध्ये याच रस्त्यावर नुसता डोसा खाऊन आलो होतो.

केशरआंबा:
नदीकाठ किंवा पूर्वरंग, सासूबाईंना घेऊन जायचं नक्की होतंय, वय ७१, जिने जास्त चढवत नाहीत. मेट्रो जमेल का?

पूर्वरंग:
मेट्रोवर अवलंबून राहू नका. जुन्या स्टेशनांना लिफ्ट जवळजवळ नाहीतच, पूर्ण सोयीची अशी १४ नंबरची एकच लाइन. बसने फिरा, बसला चढायला त्रास नाही आणि तिकीटही मेट्रोपेक्षा स्वस्त, २०२५ च्या दराने मेट्रो २.५० युरो आणि बस २ युरो. ६९ नंबर आयफेलजवळून निघून लूव्र, बास्तीय करत पेर लाशेझ दफनभूमीच्या बाजूला जाते, खिडकीची सीट मिळाली तर निम्मं शहर बसल्या जागी होतं. गर्दीच्या वेळी मात्र नको, दहानंतर निघा.