मदत हवी आहे: दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी रोजचा छोटा पाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. प्रार्थनेनंतर रोज दहा मिनिटं सामान्य ज्ञानाला मिळतात. बाजारातल्या पुस्तकांत नुसत्या राजधान्यांच्या याद्या. मुलं घोकतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात.

म्हणून जवळचं घेतलं. मलप्रभा आपल्या कणकुंबीची, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी बंगालच्या उपसागरात. म्हादईही आपल्याच तालुक्यातली, पण ती गोव्यातून अरबी समुद्राला. लगेच एका पोराचा प्रश्न: "बाई, मधल्या डोंगरावरचा पाऊस कुठं जाणार?" मग कौलारू छपराच्या आढ्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. वर्ग खूश!

गोकाकचा धबधबा झाला, 1824 चा कित्तूरचा लढाही झाला. घोडं अडलंय ते आकाशापाशी. चंद्राच्या कला सात वर्षांच्या मुलाला कशा दाखवायच्या? बॅटरी-चेंडूचा प्रयोग भर उजेडाच्या वर्गात जमत नाही.

वर्गात घरी कन्नड बोलणारीही मुलं आहेत, तेव्हा भाषा सोपी हवी. कुणी असे पाठ घेतले असतील तर इथंच चार ओळींत लिहा. मोठ्या फाइली नकोत, आमच्याकडे रेंजची बोंब आहे. आणि शनिवारी उजळणी कशी घेता, तेही सांगा.