कवडशाचा माग काढून प्लॅन: निसर्गाकडून नियम घ्यायचा की चित्र?

(चौघांची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

लंबछेद
वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये डिझाइनची एक पद्धत सध्या फार दिसते. पाण्याने भरलेल्या ग्लासातून उजेड भिंतीवर पाडायचा, उमटलेल्या प्रकाशरेषांचा फोटो काढायचा, ट्रेसिंगवर त्या रेषा उचलायच्या, त्यांच्या भिंती करायच्या आणि शीटवर लिहायचं की ही वास्तू प्रकाशातून जन्मली. माझा याला ठाम विरोध आहे. त्या रेषा उमटतात कारण वक्र पृष्ठभाग किरण वळवून एका जागी गोळा करतो. रेषेची भिंत केली की तो पृष्ठभाग गेला आणि किरणही गेले. उरला तो निव्वळ आकार. पानाच्या शिरांवरूनही असा आकार मिळाला असता.

निसर्गाकडून घ्यायचा असतो तो संबंध. लोंबत्या साखळीत फक्त ताण असतो. तीच रेषा उलटी केली की कमानीत फक्त दाब राहतो. स्पॅनिश वास्तुरचनाकार गौदीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी १:१० प्रमाणात दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या पिशव्या लावल्या. पिशवी सरकवली की कमान बदलायची, म्हणजे आकाराला कारण चिकटलेलं होतं. प्रकाशातही तसंच करता येतं. भर दुपारच्या सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश अधिक क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे तो कोन; दक्षिणेला असेल तर उणा). ३० उत्तर अक्षांशावर ती संपातदिनी (दिवस-रात्र समान असतात तेव्हा) ६० अंश, हिवाळ्याच्या अयनदिनी (वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी) साधारण ३६.५ अंश. दीड मीटर उंच दक्षिण खिडकी संपाताच्या दुपारी पूर्ण सावलीत हवी असेल तर छज्जा १.५ भागिले टॅन ६०, म्हणजे ८७ सेंमी. या आकड्यांतून काटछेद (इमारत उभी कापून दाखवणारं चित्र) घडवा, मग म्हणा प्रकाशातून डिझाइन केलं.

गवाक्ष
असहमत. तुमच्या सूत्रातून छज्जा मिळतो, खोली मिळत नाही. वास्तुरचनाकार लुई कानच्या किंबेल कला संग्रहालयाकडे (फोर्ट वर्थ, अमेरिका, १९७२) बघा. तिथल्या छताचा चक्रज वक्र (लोळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो ती रेषा) सूर्याच्या कोनातून आलेला नाही. तो सापडला रचनाशास्त्राच्या पुस्तकात. या कमानदार घुमटीच्या माथ्यावर फट ठेवली, त्यामुळे ती कमान म्हणून चालतच नाही, लांबीच्या दिशेने तुळईसारखी काम करते. उजेडाचं गणित नंतर सुटलं: फटीखाली छिद्रित ॲल्युमिनियमचा परावर्तक टांगला आणि ऊन थेट चित्रांवर न पडता काँक्रीटच्या पोटावर पसरलं. आधी आकार, मग प्रकाश. आकार ग्लासातून आला की पुस्तकातून, याने काय फरक पडतो? ट्रेसिंगमधून हाताला अशी वळणं लागतात जी कोणी सूत्र मांडून काढणार नाही. त्या टप्प्यावर विद्यार्थ्याला अडवू नये.

लंबछेद
किंबेलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो परावर्तक काढून घेतला तर काय उरतं? ट्रेसिंगवाल्या प्रकल्पात परावर्तकाचा टप्पा येतच नाही, फोटोवरून थेट भिंत उभी राहते. माझी तक्रार तेवढ्याचसाठी आहे.

ओळंबा
दोघंही सूर्याला बिंदू धरून बोलताय. तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे आणि नक्षीदार भोकांच्या जाळ्या वापरणारे निम्मे प्रकल्प इथेच फसतात.

हिशोब सोपा आहे. सावलीची कड जितकी पसरते ती अंतराच्या साधारण १०८व्या भागाएवढी. जाळीपासून किरणाच्या रेषेत ४ मीटरवर हा पसारा ३७ मिमी. म्हणजे ३० मिमीच्या षटकोनी किंवा चांदणीच्या भोकातून जमिनीवर षटकोन पडणारच नाही. पडेल सूर्याची गोल प्रतिमा. दाट झाडाखाली पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असूनही कवडसे गोल दिसतात, त्याचंही हेच कारण. शिवाय हा पसारा किरणाला लंब मोजलेला. छताची जाळी जमिनीपासून ४ मीटर वर आणि सूर्य ४५ अंशांवर असेल तर किरणाचा प्रवास ५.६६ मीटरचा, पसारा ५२ मिमी आणि जमिनीवर तिरपा पडून ७४ मिमी लांब. नक्षी ओळखू यावी असं वाटत असेल तर भोक या आकड्याच्या किमान तिप्पट-चौपट ठेवा, नाहीतर जाळी खाली आणा.

जाडीही बघा. १०० मिमी जाड जाळीत १०० मिमी रुंद भोक असेल तर ४५ अंशांच्या पलीकडे तिरपं आलेलं ऊन थेट आत येतच नाही. रेंडरमध्ये (संगणकावर काढलेल्या चित्रात) हे कळत नाही, कारण बऱ्याच जणांनी सूर्याची तबकडी शून्य आकाराची आणि जाळी कागदासारखी ठेवलेली असते. सॉफ्टवेअरने दिलेली धारदार सावली इमारतीत कधीच पडणार नाही.

अंशमोजणी
ओळंबा यांचा मुद्दा फार मोलाचा. पण लंबछेद यांच्या नियमनिष्ठेलाही माझा आक्षेप आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला सूर्य जवळजवळ एकाच वाटेने जातो. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात मात्र मार्चमध्ये हवा अजून गार आणि सप्टेंबरमध्ये तापलेली असते. ८७ सेंमीचा पक्का छज्जा दोन्ही दिवशी सारखीच सावली देणार. एका दिवशी ती हवी, दुसऱ्या दिवशी नको. भूमितीने हे सुटत नाही, त्याला हलता पडदा किंवा पानगळीचा वेल लागतो. पूर्व-पश्चिमेला ऊन कमी उंचीवरून येतं, तिथे आडव्या छज्ज्याचा उपयोगच नाही, उभ्या पट्ट्या हव्यात.

दुसरं, ग्रासहॉपरमध्ये (नियमांवरून आकार काढणारं सॉफ्टवेअर) हवामानाची फाइल जोडून त्यातल्या गॅलापागोसला (सर्वोत्तम पर्याय शोधणारं साधन) ‘ऊन कमीत कमी’ एवढंच सांगितलं तर तो तुम्हाला बिनखिडकीची पेटी देईल. निदान दोन परस्परविरोधी अटी द्या, उदाहरणार्थ निम्म्या वापर-वेळेत ३०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) मिळावेत आणि १००० लक्सपेक्षा जास्त थेट ऊन वर्षात २५० तासांवर जाऊ नये. आणि परावर्तन विसरू नका. लंडनच्या २०, फेनचर्च स्ट्रीटच्या दक्षिणेकडच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये रस्त्यावर ऊन एकवटलं आणि उभ्या मोटारीचे भाग वितळले. नंतर दर्शनी भागावर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ग्लासातल्या पाण्याचाच हा नियम, फक्त इमारतीएवढा. ज्याने ती प्रकाशरेषा बारकाईने पाहिली असेल त्याला हा धोका लवकर कळेल.

गवाक्ष
शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं म्हणून घेतो. मग पद्धत अशी ठरवू: चित्रातून आकार येऊ द्या, पण मॉडेलशिवाय भिंत नको. प्रकाशाचं मॉडेल लहान केलं तरी वागणूक बदलत नाही. हवा आणि उष्णतेचं तसं नसतं. १:२० किंवा १:५० चालेल. आतले रंग खऱ्या परावर्तनाचे हवेत. पांढऱ्या कार्डाचं मॉडेल करड्या काँक्रीटच्या खोलीबद्दल खोटं बोलतं. सांध्यांवर बाहेरून काळी टेप लावा, केसाएवढ्या फटीतूनही आकडे बिघडतात. आणि १:५०ला २ मिमीचं कार्ड म्हणजे १०० मिमीची भिंत, हे ध्यानात ठेवा.

लंबछेद
हे मान्य, एका अटीवर. त्याच मॉडेलमध्ये ट्रेसिंगवाल्या भिंती काढून तेवढ्याच उंचीच्या सरळ भिंती लावा आणि संपातदिनी आणि दोन्ही अयनदिनी, सकाळ-दुपार-संध्याकाळ, लक्स मोजा. कवडशाच्या जागेत किंवा आकड्यांत काहीच फरक पडला नाही तर शीटवरचं ‘प्रकाशातून जन्मली’ हे वाक्य खोडायचं.

ओळंबा
मॉडेलमध्ये बल्ब वापरणार असाल तर तो निदान ५ मीटर दूर ठेवा. जवळच्या बल्बचे किरण फाकतात आणि खोलीच्या दोन टोकांना सूर्याचा कोन वेगळा निघतो. शक्य असेल तर मॉडेल सरळ उन्हात न्या, खाली वाकवता येणारा पाट ठेवा आणि त्यावर छोटं सूर्यघड्याळ चिकटवून हवी ती वेळ लावा.