काश्मीर ग्रेट लेक्स: नऊ जण, त्यातले तिघे पन्नाशीपुढचे. जमेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे नऊ जण. दर रविवारी पहाटे दंडोबाचा डोंगर चढतो, वर्षातून एखादा मोठा गड होतो. मागच्या डिसेंबरात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला. आता सगळ्यांच्या डोक्यात काश्मीरमधल्या तळ्यांचा ट्रेक बसलाय, सोनमर्ग ते नारानाग, ऑगस्टमध्ये. मी 51, यजमान 58. त्यांचा डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी ठणठणीत. गटातल्या एका वहिनींचं म्हणणं, "हळू चालणाऱ्यांनी आधीच विचार करावा." रोख कुणावर आहे ते कळलं! खरंच इतकं अवघड आहे का? आणि ऑगस्टात आपल्यासारखा पाऊस असतो का?

घाटमाथा_पुणे

पाऊस आपल्यासारखा नाही. मान्सूनचा जोर तिथपर्यंत पोचत नाही. दुपारनंतर एखादी सर येते, कधी दिवसभर रिपरिप. पोंचो घ्या, सॅकला कव्हर घ्या. एक महत्त्वाचं: इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. ट्रेकवर तर तेही मुकं होतं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

ठाण्याचा_उतारू

ताई, मी 2023 च्या ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा 56 चा होतो. आम्ही बारा जण, आणि सगळ्यात हळू मी. म्हणून तुमच्या वहिनींना उत्तर द्यायचा हक्क माझा.

पहिल्या दोन दिवसांत आमच्यातला सगळ्यात दणकट गडीच आडवा झाला. राजगड-तोरणा एका दिवसात करणारा माणूस. निचनाईची खिंड चार हजार मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई 1646, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोकही सोनमर्गच्या कितीतरी खाली! हा पठ्ठ्या भोजपत्रांच्या झाडीतून आपल्या सवयीने पळत सुटला, खिंडीत सगळ्यांच्या आधी पोचून शिट्ट्या मारत बसला. विशनसर तळ्याकाठी तंबू लागेपर्यंत उंचीवरची विरळ हवा बाधली, डोकं धरून ओकत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्याकाठी उन्हात बसलो, हा तंबूत. बरं झालं की तो दिवस मुक्कामाचाच होता. तुमच्या आयोजकाला विचारा, विशनसरला एक जादा दिवस आहे ना. नसेल तर दुसरा आयोजक बघा.

तिथून पुढे आमच्या वाटाड्याने मला सर्वांत पुढे घातलं, स्वतःच्या मागोमाग. बाकीचे माझ्या मागे. मला आधी लाज वाटली. पण मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं सांगतो: तो धापा टाकत पोचतो तोवर पुढच्यांचा चहा पिऊन झालेला असतो, ते उठतात, आणि त्याला बसायलाच मिळत नाही. पुढे ठेवलं की विश्रांती सगळ्यांना सारखी. पुढच्या गडसर खिंडीच्या चढावर मी दर पन्नास पावलांनी थांबत होतो. मागचे कुरकुरले नाहीत, कारण थांबलं की वळून बघायचं. खाली किशनसर आणि विशनसर, दोन्ही तळी एका नजरेत. तेच पाणी पुढे किशनगंगा होऊन जातं.

पलीकडे उतरलं की फुलंच फुलं. तिथे एका बकरवाल, म्हणजे तिकडच्या भटक्या मेंढपाळ, बाईंनी नून चाय दिला, गुलाबी, मिठाचा. आमच्यातल्या एकाने गुपचूप खिशातली साखरेची पुडी काढली. बाईंनी बघितलं, हसू दाबलं, आणि त्याचा कप परत भरला.

वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, घोड्यावरच्या सामानात नको. आणि एक गोष्ट निघण्याआधी ठरवा, कुणाला त्रास झाला तर कोण सोबत परत फिरणार. गडसर ओलांडल्यावर मागे फिरणं सोपं राहत नाही. सतसर तळ्यांच्या पुढे मोठाल्या धोंड्यांवरून उड्या मारत जावं लागतं, तिथे घाई नको.

आता गुडघा. सगळे चढाचीच काळजी करतात. मला मारलं शेवटच्या दिवसाने. नंदकोल तळ्याहून नारानागला हजारेक मीटरहून जास्त उतार, कळसूबाईवरून बारीत उतरतो त्याहून मोठा, पाइनच्या जंगलातून, मातीवर सुया पसरलेल्या, पाय सटकतो. दोन काठ्या घेतल्या होत्या म्हणून निभावलं, शेवटी काही ठिकाणी उलटा चालत उतरलो. नखं कापायला विसरलो होतो. अंगठा बुटावर आपटून आपटून काळानिळा, आणि गणपतीत नख गळून पडलं. नारानागची आठव्या शतकातली देवळं समोर होती, ललितादित्याच्या काळातली म्हणतात. मी कट्ट्यावर बसूनच बघितली.

कृष्णाकाठ

वा! वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. "मग पुढे त्यांनाच चालू द्या," म्हणाल्या, हे मोठंच. यजमानांच्या गुडघ्यासाठी काय तयारी करावी?

ठाण्याचा_उतारू

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचंही डॉक्टरांनाच विचारा. मग सराव उताराचा. दंडोबा चढून एकदा उतरता ना, तो दोनदा उतरा, पाठीवर पाचसहा किलो घेऊन. आणि काठी उतारावर टेकायला आत्तापासून शिकवा. तिथे जाऊन शिकणारा माणूस काठीतच अडकून पडतो.

डोंगरवाट_कोल्हापूर

यात माझी भर: बूट नवीन घेणार असाल तर आजच घ्या, आणि संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतरायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

ठाण्याचा_उतारू

हे मला कुणीतरी 2023 मध्ये सांगायला हवं होतं.

कृष्णाकाठ

नखं कापायची आठवण व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच टाकली. वहिनींचा पहिला अंगठा आला.