मदत हवी आहे: पार्श्वसंगीतातली हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) कानानं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. मी शिवाजी पेठ, कोल्हापूर. पेटीवर हात बरा आहे, राग ओळखतो. आता मित्राच्या एकांकिकेला कीबोर्डवर पार्श्वसंगीत द्यायचंय आणि कॉर्डपाशी (एकाच वेळी वाजवायचे तीन-चार स्वर) गाडी अडलीय.

हॉलिवूडचे संगीतकार बर्नार्ड हरमन यांचा गाजलेला भीतीचा कॉर्ड सरगमीत मांडून बघितला: सा, कोमल ग, प आणि वर शुद्ध नी. चारच स्वर, पण काटा येतो अंगावर. नाद खुळा! तिथलेच संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या, ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायक डार्थ व्हेडरच्या धूनमध्ये (१९८०) सा मायनरवरून (सा, कोमल ग, प) थेट कोमल ध मायनरवर उडी आहे, तीही पटली. पण त्यांच्याच ‘ई.टी.’ या चित्रपटातल्या (१९८२) सायकल उडते त्या धूनमध्ये तीव्र मध्यम असून यमन रागाचा भास का होत नाही? खाली सा धरून वर रे मेजर (रे, तीव्र म, ध) येतो म्हणून?

चित्रपट-संगीतकार हान्स झिमर यांचे कॉर्ड तर बऱ्याचदा साधेच असतात. मग त्यांची ओळख कॉर्डमध्ये शोधायची की वाद्यांच्या रंगात?

कोल्हापुरात पाश्चात्त्य हार्मनी नीट शिकवणारं कुणी आहे का? गिटार क्लासवाले नकोत, ते गाण्याचे कॉर्ड देऊन मोकळे होतात. सरगमीतून समजावणारं कुणी असेल तर फार बरं.