वहिनीचं बाळ गेलं, फोनवर काय बोलू कळंना

कागलकरीण: दादा-वहिनी कोल्हापुरात शाहूपुरीत, मी कागलात, आणि लॉकडाऊनमुळं जाता येईना. आठव्या महिन्यात ठोके थांबले, बाळ गेलेलंच जन्मलं. दादा पॉझिटिव्ह होता त्यामुळं त्याला आत सोडलंच नाही, बाळाला माती पण चुलत्यांनी दिली. आईनं घरातलं सगळं बाळाचं सामान आवरून ठेवलं, वहिनीला त्रास नको म्हणून. आता वहिनी सारखी विणलेलं पिवळं टोपडं कुठाय विचारतीय, आई विषय बदलतीय. वर दूध आलंय. काय करू?

शिरोळची माई: आधी टोपडं दे बाई तिला. माझं गेल्या साली असंच झालं, सगळे म्हणायचे तरुण आहेस, दुसरं होईल. दुसरं नको होतं मला, हेच पाहिजे होतं. माझी जाऊ रोज दहाला फोन करायची, मी उचलायची नाही तरी करायची, एक दिवस उचलला आणि ती एवढंच म्हणाली, कसं होतं गं दिसायला? त्या दिवशी तासभर बोलले.

सिस्टर_वॉर्ड: दुधाचं सांगते. पिळून काढत बसू नका, काढाल तेवढं परत येतं. फारच ठणकलं तर बरं वाटंल इतपतच थोडं काढायचं. नीट बसणारी ब्रा (करकचून बांधायचं नाही), गार पाण्याच्या घड्या. बंद व्हायची गोळी असते पण डॉक्टरांना विचारूनच, बीपीवाल्यांना चालत नाही. लाल होऊन ताप आला तर थांबू नका, सगळाच ताप कोरोनाचा नसतो. जेवण-झोप उडाली किंवा जगायचंच नाही असं बोलली तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर. आणि नोकरी करत असेल तर रजा सोडू नका, मातृत्व लाभाच्या कायद्यात मृत जन्मलेलं बाळ पण मूलच धरलंय. 26 आठवड्यांच्या आत गर्भपात झाला तर 6 आठवडे पगारी रजा मिळते, तुमच्या वहिनीची केस त्यात येत नाही, तिला बाळंतपणाचीच रजा लागू होते. ऑफिसवाले गोंधळ घालतात इथं.

पन्हाळ्याचा: दादाला कुणी विचारलं का? मला सगळे "तिला सांभाळ" एवढंच म्हणायचे. त्यानं तर बाळ बघितलं पण नाही. चुलत्यांना म्हणावं, कुठं ठेवलं, कसं होतं ते त्याला सांगा, तो विचारणार नाही.

कागलकरीण: टोपडं आईच्या पेटीत होतं, दिलं वहिनीला. आई पण रडली मग. चुलते म्हणाले केस लई होते, दाट. दादाला अजून सांगितलं नाही, रात्री फोन लावते.